पाच बागा आणि आपली ओपन स्पेस

बँकेच्या नोकरीत आपल्या कामरगावच्या माणसाची बदली मुंबईला झाली की पहिला प्रश्न खोलीचा. मला ती माटुंग्यात मिळाली आणि फाइव्ह गार्डन्स हे रोजचे फिरण्याचे ठिकाण झाले.

या पाच बागांचे मूळ प्लेगमध्ये आहे. १८९६ साली मांडवीच्या दाट वस्तीत प्लेग निघाला नि मुंबई हादरली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. घरांना हवा-उजेड मिळावा म्हणून ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर रुंद रस्ते आखले आणि प्लॉट पाडतानाच बागांसाठी जागा सोडली. रेल्वे जवळ होती, त्यामुळे नोकरदारांना तिकडे राहणे परवडले. इंजिनिअर मंचरजी जोशी यांनी तिथेच पारशी कॉलनी वसवली. इमारती बुटक्या, रस्त्यांना ओळीने झाडे. आज या बागांना त्यांचेच नाव आहे.

पुढे जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले, पण बागा टिकल्या. कारण नकाशात त्या उरलीसुरली जागा नव्हत्या, वस्तीचा भागच होत्या.

आपल्या ले-आउटमध्येही ओपन स्पेस आहे. २५ वर्षांपूर्वी लावलेले कडुनिंब आता वैशाखात सावली देतात. तिथे हॉल बांधा, गाड्यांसाठी शेड टाका, अशी सूचना आमसभेत पुन्हा आली आहे. मंडळी, हॉल भाड्याने मिळतो. मोकळी जागा मिळत नाही. हात वर करण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, ही विनंती.