स्कॅन नॉर्मल, तरी तोल का जातो?

आजचा भाग लहान मेंदूवर. चालताना तोल सांभाळणं, घास नेमका तोंडापर्यंत नेणं, ही त्याची कामं.

१९१९ मध्ये डच मेंदूतज्ज्ञ ब्राउवर यांनी लहान मेंदू झिजल्याची एक केस नोंदवली. पुढे अशा आजाराचं कॅन्सरशी नातं लक्षात आलं. पण कॅन्सर मेंदूत पोचलेलाच नसायचा! मग मेंदू झिजवतंय कोण?

१९८३ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशंटांच्या रक्तात लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशींना चिकटणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. माझ्या भाषेत सांगायचं तर अँटिव्हायरसने व्हायरस पकडताना सिस्टिमच्याच फाइल्स उडवल्या. गाठीतलं प्रोटीन पुर्किंजे पेशीतल्या प्रोटीनसारखं असतं, म्हणून शरीराची फौज दोघांवर तुटून पडते.

आता फोटोंचं बघू. १ ऑक्टोबर १९७१ ला विम्बल्डनमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. मशीन बनवणारा हाउन्सफिल्ड डॉक्टर नव्हता, इंजिनिअर होता, तोही रेकॉर्ड काढणाऱ्या ईएमआय कंपनीतला. पण लहान मेंदूभोवती जाड हाडं, त्यामुळे तिथे सीटीचं चित्र धूसर येतं. एमआरआयने ते स्पष्ट केलं, तरी या आजारात सुरुवातीचा एमआरआय बऱ्याचदा नॉर्मलच येतो. लहान मेंदू आक्रसलेला दिसतो तो काही महिन्यांनी. पेट स्कॅन पेशी साखर किती खातात ते दाखवतो, त्यामुळे शरीरात दडलेली गाठही सापडू शकते. मुंबईत परळला ही सोय २००२ मध्ये आली.

आणि आपला धाराशिव? १९९९ पासून इथल्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी झाली. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा त्यात होतं. २००९ मध्ये निकाल आला: एकाच एचपीव्ही तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. तो कॅन्सर वेगळा, पण धडा इथेही लागू पडतो. लवकर शोधलं तर माणूस वाचतो.

लहान मेंदूचा हा आजार दुर्मिळ आहे. पण त्यात अनेकदा तोल आधी जातो, कॅन्सर नंतर सापडतो. मेलेल्या पुर्किंजे पेशी परत येत नाहीत. म्हणून घरातल्या कुणाची चाल काही दिवसांत, आठवड्यांत झिंगल्यासारखी झाली, जीभ अडखळू लागली, तर मेंदूतज्ज्ञाला लगेच दाखवा. एमआरआय नॉर्मल आला तरी तिथेच थांबू नका. ‘अँटिबॉडीची तपासणी करायची का?’ एवढं नक्की विचारा.