ॲपच्या आधीचं जामखेड

हेडफोन लावलेत ना? आज आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये जायचंय. थेट जामखेडला, आणि तेही १९७० मध्ये.

रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं त्या वर्षी जामखेडला आलं. तेव्हा या भागात हजार जन्मांमागे साधारण १७६ बाळं पहिल्या वाढदिवसाच्या आत दगावायची. म्हणजे दर सहा बाळांमागे एक! आकडा ऐकून पुढे जाऊ नका, आपल्या वाड्यातली सहा घरं डोळ्यासमोर आणा.

आरोळेंनी आधी गावोगावी नर्सबाई पाठवून बघितल्या. बाहेरून आलेल्या बाईंना गावात राहणं अवघड जायचं आणि गावही त्यांना पटकन आपलं म्हणेना. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची, असं ठरलं. यातल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक जणी दलित होत्या. सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना. या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या आणि गावात परत जायच्या. कोण गरोदर आहे, कुणाचं बाळ अंगाला लागत नाहीये, कुणाची लस राहिलीय, हे सगळं डोक्यात. बाळंतपणासाठी निर्जंतुक पुडकं असायचं: ब्लेड, दोरा, कापसाची पट्टी. गंजक्या विळ्यानं नाळ कापल्यामुळे होणारा धनुर्वात त्या पुडक्यानं टळायचा. एवढीशी गोष्ट, पण ती दारापर्यंत पोचवणारं कुणीतरी लागतं.

१९९० च्या दशकापर्यंत तो १७६ चा आकडा विशीच्या आसपास आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अर्थात, हे एकट्या दवाखान्याचं काम नव्हतं. विहिरी, हातपंप, मुलांचं खाणं, महिला मंडळं, सगळंच त्यात आलं.

आता माझ्या धंद्याकडे येतो. मी सॉफ्टवेअरवाला. पहिल्या नोकरीत आम्ही आरोग्यसेविकांसाठी एक फॉर्म बनवला होता. कंपनीचं नाव सोडा. चाळीस रकाने, नेट नसेल तर सेव्ह नाही. डेमोत काय भारी दिसायचा! शेवटच्या स्क्रीनवर त्या बाईला स्वतःला काय मिळतं, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. मलाही नाही.

त्यामुळे ऑगस्ट २०२१ ची बातमी वाचून मला कान पकडल्यासारखं झालं. त्या वर्षी मार्चमध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर आलं होतं, आणि राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत करायला सुरुवात केली. फोनची मेमरी अपुरी, तापतात, आणि ॲप इंग्रजीत. कामाला नाही म्हणत नव्हत्या त्या. मराठीत द्या, चालणारा फोन द्या, एवढंच म्हणत होत्या.

याउलट मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेचं एममित्र बघा. गरोदर बाईला आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत आईला, तिनं सांगितलेल्या वेळेला, तिच्या भाषेत फोन येतो. महिन्याप्रमाणे माहिती, तीही ऐकायची. वाचता यायलाच हवं असं नाही. जामखेडच्या बायकाही कानानंच शिकल्या होत्या की! फरक एवढाच, की समोरची बाई गप्प बसली तर जामखेडची सेविका तिच्या ओट्यावर जाऊन बसायची. रेकॉर्डेड आवाजाला ते जमत नाही.

माझी मावशी कर्जत तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मोबाईलमध्ये सगळं भरते, अगदी नीट. तरी पिशवीत दोनशे पानी वही असतेच. दिवाळीत मी ती चाळली. वजन, उंची, लस, आणि शेवटी तिनं स्वतः पट्टीनं आखलेला एक रकाना: ‘घरात कोणाशी बोलायचं’. एका नावापुढे सासू, एका नावापुढे दीर. एकीपुढे लिहिलं होतं, ‘कोणी नाही, मीच जाते’.