इम्फाळच्या ओट्यांची वहिवाट

परगावी गेलं की आधी तिथली मंडई गाठायची, अशी सवय असलेल्यांनी एकदा तरी इम्फाळचं इमा कैथेल पाहावं. इमा म्हणजे आई, कैथेल म्हणजे बाजार. शहराच्या मधोमध, कांगला किल्ल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, मोठाल्या इमारतींत हजारो बायका ओट्यांवर मांडी घालून बसलेल्या असतात. विकायला बसलेला पुरुष एकही नाही. पुरुष दिसले तर गिऱ्हाईक म्हणून, नाही तर पोती वाहताना. पर्यटनाच्या पुस्तिका ‘जगावेगळा बाजार’ म्हणून मोकळ्या होतात. मला ते अपुरं वाटतं, कारण या ओट्यांची वहिवाट बायकांकडे आली ती एका जाचक पद्धतीतून, आणि टिकली ती त्यांनी रस्त्यावर उतरून राखली म्हणून.

मणिपूरच्या मैतेई राजांच्या काळात तिथे लल्लुप नावाची वेठ होती. सतरा ते साठ वयाच्या पुरुषाला दर चाळीस दिवसांतले दहा दिवस राजासाठी राबावं लागे. कधी लढाईवर, कधी रस्त्या-कालव्यांच्या कामावर. धनी असा अधूनमधून घराबाहेर, तेव्हा शेत कुणी बघायचं आणि पिकलेलं विकायचं कुणी? बायकांनीच. ख्वैरामबंद या नावानेही ओळखला जाणारा हा बाजार सोळाव्या शतकापासूनचा मानला जातो. पुढे १८१९ ते १८२६ या काळात ब्रह्मी फौजांनी मणिपूरची धूळधाण केली; माणसं मारली गेली, पकडून नेली गेली, उरलेली परागंदा झाली, आणि बाजाराचा भार बायकांवर आणखीच आला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदींत इथली खरेदी-विक्री बायकांच्या हाती असल्याचं स्वच्छ लिहिलेलं आहे. तेव्हा चालत असे ‘सेल’ नावाचं काशाचं चिमुकलं नाणं.

१८९१च्या युद्धानंतर मणिपूर इंग्रजांच्या हाती गेलं आणि १८९२मध्ये त्यांनी लल्लुप बंद केली. पण १९०४ साली इम्फाळमध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याचा बंगला जळाला, आणि पोलिटिकल एजंट मॅक्सवेलने तो गावच्या पुरुषांनी फुकट बांधून द्यावा असं फर्मान काढलं. स्वतःच मोडीत काढलेली वेठ पुन्हा उभी राहत होती. याविरुद्ध हजारो बायका रस्त्यावर आल्या. फौज आणावी लागली, तरी शेवटी हुकूम मागे घ्यावा लागला. मणिपुरात याला पहिलं नुपी लान, म्हणजे बायकांचं युद्ध, म्हणतात.

दुसरं १९३९चं, आणि या बाजाराची खरी ओळख मी त्यातच शोधतो. त्या वर्षी अवेळी पावसाने भातपीक हातचं गेलं होतं. तरीही गिरण्या चालू होत्या, व्यापाऱ्यांच्या गाड्या तांदूळ भरून राज्याबाहेर जात होत्या आणि इम्फाळात तांदळाचे भाव रोज चढत होते. याची झळ सर्वांत आधी बसली ती भात विकत घेऊन, सडून, तांदूळ विकणाऱ्या बायकांना. १२ डिसेंबरला त्या दरबाराच्या कचेरीवर चालून गेल्या. महाराज बाहेरगावी होते. दरबाराचा अध्यक्ष शार्प म्हणाला, महाराजांच्या हुकमाशिवाय निर्यात थांबवता येणार नाही. मग आत्ताच तार करा, असं म्हणत बायका त्याला तारघरात घेऊन गेल्या आणि उत्तर येईपर्यंत तिथेच अडवून बसल्या. आसाम रायफल्सच्या शिपायांनी संगिनी चालवल्या, बायका जखमी झाल्या. निर्यात थांबली. पण यानंतर त्यांनी जे केलं ते मला सर्वांत मोठं वाटतं: बायकांनी बाजारावरच बहिष्कार घातला, आणि वर्षाहून अधिक काळ ख्वैरामबंद ओस पडला. ज्या ओट्यावर पोट चालतं तोच रिकामा ठेवायचा, यासाठी किती एकजूट लागत असेल! १२ डिसेंबर हा दिवस मणिपूर आजही पाळतं.

ओट्याचा नियम आजही सांभाळला जातो. विक्रेती लग्न झालेली बाई असते, आणि तिच्यामागे जागा लेकीकडे किंवा सुनेकडे जाते. भांडवलासाठी उधार देणारी बायकांची आपली व्यवस्था आहे. एका बाजूला फानेक, इनाफी अशी हातमागाची कापडं, दुसरीकडे भाजी, मासळी, फळं. कपाळापासून नाकापर्यंत चंदनाचा टिळा लावलेली एखादी आजी न्गारीच्या, म्हणजे आंबवलेल्या माशांच्या, टोपल्या मांडून बसलेली असते. वास आपल्याकडच्या सुकटीसारखा दुरूनच वर्दी देतो. त्या वासाने नाक मुरडू नका. उकडलेल्या भाज्यांत भाजलेली न्गारी आणि मिरची घोटली की एरोम्बा होतो आणि त्याच्याशिवाय तिथल्या घरांत जेवण अडतं. शेजारी योंगचाकच्या हातभर लांब चपट्या शेंगांच्या जुड्या असतात.

आजच्या इमारती २०१०च्या. ४ जानेवारी २०१६च्या भूकंपात त्यांना तडे गेले, तेव्हा बायकांनी उघड्यावर आणि तात्पुरत्या छपरांखाली धंदा चालू ठेवला. मैतेई आणि कुकी-झो समाजांतल्या मे २०२३पासूनच्या हिंसाचाराने मात्र भूकंपाहून खोल चीर पाडली. संचारबंदीत बाजार वारंवार बंद राहिला. कुकी-झो लोकांना इम्फाळ खोऱ्यात येणं अशक्य झालं, त्यामुळे त्यांच्या बायकांची या बाजारातली ये-जाही तुटली. दोनदा सगळ्या मणिपूरसाठी उभ्या राहिलेल्या बाजाराचं हे दुःख मोठं आहे, आणि तिथे जाणाऱ्याने ते माहीत करून घेऊनच जावं.

जायचं तर २०२०पासून मणिपुरात जाण्यासाठी इनर लाइन परमिट लागतं, आणि निघण्याआधी तिथली परिस्थिती विचारून घ्यायला हवी. योंगचाक हवं तर हिवाळा गाठावा. चाखाओ हा सुवासिक काळा तांदूळ कोरडा असल्याने घरापर्यंत नीट येतो; त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. फोटो काढण्याआधी विचारा, आणि त्याहीआधी काहीतरी विकत घ्या. तिथे बसलेल्या बाईचा दिवस विक्रीवर चालतो.