तेर, नांदेड, उदगीर आणि झांझिबारची वाट

लातूर किंवा नांदेडच्या चार मित्रांनी दिवाळीनंतर झांझिबारला जायचे ठरवले, तर आज कोणी तोंडात बोट घालणार नाही. मुंबईहून नैरोबीला थेट विमान मिळते, तिथून बेट दीड तासावर. पांढरी पुळण, लवंगेच्या बागा, स्टोन टाउनमधले पितळी खिळ्यांचे कोरीव दरवाजे, असा बेत बसल्या जागी मोबाइलवर आखता येतो. पण ज्या मुलखाला समुद्र पाहायचा तर रात्र रेल्वेत काढावी लागते, त्याचा आफ्रिकेच्या बेटांशी संबंध विमानानेच जुळला, असे समजण्याची घाई आपण करू नये. ही वाट दोन हजार वर्षांची आहे आणि तिच्या अलीकडच्या टोकाला आपलीच गावे आहेत.

आरंभ तेरपासून करू. धाराशिव जिल्ह्यातले हे गाव लातूरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आपले तेर, आहे आणि तिथून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाते, असे तो सांगतो. याच माणसाने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची शेवटची पेठ ऱ्हाप्टा, तिथला हस्तिदंत, दोरीने शिवलेल्या होड्या आणि मेनुथियास नावाचे एक बेटही नोंदवले आहे. बेटावरचे लोक टोपल्या लावून कासवे धरतात, इतका बारकावा त्यात आहे. भडोचकडून गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड आणि उसाची साखर आफ्रिकेच्या शिंगाकडच्या बंदरांत जात असे. तेरच्या गाड्या जिथे रिकाम्या होत, तिथेच आफ्रिकेकडे जाणारी गलबते भरत. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहावी. पॉम्पेईच्या राखेखाली १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी अभ्यासक तिची तुलना करतात. तेरची पेठ किती दूरवर पोचली होती, याचा अंदाज त्यावरून येतो.

या येण्याजाण्यात कोणा राजापेक्षा वाऱ्याचा हात मोठा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वारा ईशान्येकडून वाहतो. स्वाहिली दर्यावर्दी त्याला कास्काझी म्हणतात. त्यावर शीड सोडले की आपल्याकडचे गलबत आफ्रिकेला लागे. एप्रिलच्या सुमारास वारा उलटतो, तो कुसी, आणि त्यावर परतीचा प्रवास होई. मात्र जून-जुलैच्या खवळलेल्या समुद्रात कोणी शहाणा नाखवा शिरत नसे. नैऋत्येकडचा हाच वारा पुढे आपल्याकडे पाऊस आणतो. मृग कोरडा जाईल की काय म्हणून आभाळाकडे डोळे लावणारा औशाचा शेतकरी आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किल्वाच्या धक्क्यावर वारा फिरण्याची वाट पाहणारा व्यापारी, दोघांचे पंचांग एकच होते. वारा फिरेपर्यंत महिनोन् महिने थांबणे भाग असे. थांबलेल्यांनी तिथेच सोयरिकी केल्या, प्रवाळाच्या दगडाची घरे आणि मशिदी उभ्या राहिल्या, आणि बांटू वळणाच्या भाषेत अरबी शब्द मुरले. मोगादिशूपासून मोझांबिकपर्यंतची स्वाहिली संस्कृती म्हणतात ती अशी घडत गेली.

दहाव्या शतकात या वाटेवर पुन्हा आपला मुलूख भेटतो, तोही दिमाखात. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. हे लट्टलूर म्हणजे लातूर, असे मानले जाते. अरब प्रवासी या राजांना ‘बल्हरा’ म्हणत. अल-मसूदी हा बगदादचा लेखक हिजरी ३०४, म्हणजे इ.स. ९१६-१७ मध्ये याच बल्हराच्या मुलखातल्या चौल बंदरात होता, आणि त्याच हिजरी सालात पूर्व आफ्रिकेच्या कन्बलू बेटावरून त्याने ओमानपर्यंत समुद्र ओलांडला होता. कन्बलू म्हणजे बहुधा झांझिबारशेजारचे पेंबा. आफ्रिकेचा हस्तिदंत ओमानमार्गे हिंदुस्थानात येतो आणि इथे त्याच्या खंजिरांच्या मुठी व बुद्धिबळाच्या सोंगट्या होतात, असे त्याने लिहिले आहे. दहाच वर्षांनी, इ.स. ९२६ च्या चिंचणी ताम्रपटात, राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या वतीने संजाण बंदराचा कारभार मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे मुसलमान, अधिकारी पाहताना दिसतो. नद्यांवर फुकट नावा आणि वाटसरूंना भात, कालवण, तूप मिळेल असे अन्नछत्र, ही त्याची कामे. पर्यटन खात्याने आजही हेवा करावा अशी.

पुढचा टप्पा काळा आहे. मालाबरोबर माणसेही विकली जात. काटेकोर बोलायचे तर दख्खनेत आलेले बरेचसे हबशी स्वाहिली किनाऱ्याचे नव्हेत, तर इथिओपियाकडचे. त्यांचा रस्ता लाल समुद्रातून येई. ही दोन टोके एकच मानण्याची चूक अनेकजण करतात. मलिक अंबर हा असाच लहानपणी विकला गेलेला, मोखा आणि बगदाद पाहून अहमदनगरला पोचलेला. १६०२ साली नांदेडजवळ मोगल सेनापती खानखानानचा मुलगा इरज याच्याशी त्याची गाठ पडली. अंबर जखमी झाला, पकडलाच जायचा, पण त्याच्या हबशी स्वारांनी त्याला उचलून नेले. त्या दिवशी तो मोगलांच्या हाती लागला असता तर १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसली नसती, १६२४ ची मोगलांविरुद्धची भातवडीची लढाई झाली नसती. अंबर १६२६ मध्ये वारला. त्यानंतर दहा वर्षांनी शहाजहानच्या फौजा उदगीरला भिडल्या, तेव्हा किल्लेदार होता सिद्दी मिफ्ताह, तोही हबशीच. किल्ला देऊन तो मोगली चाकरीत गेला आणि हबशखान झाला. ज्यांना विकत आणले होते, त्यांच्याच हाती किल्ल्यांच्या किल्ल्या आल्या होत्या. मुरूडसमोरच्या जंजिरा बेटावर तर सिद्दींचे राज्य थेट १९४८ पर्यंत टिकले.

एकोणिसाव्या शतकात मुंबईमुळे वाट पुन्हा रुंदावली. झांझिबारचा सुलतान बर्घश गादीवर येण्याआधी मुंबईत हद्दपारीत राहून गेला होता. १८७३ साली मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर वाटाघाटींसाठी त्याच्याच दरबारी गेला आणि त्या वर्षी बेटावरचा गुलामबाजार बंद झाला. बाजाराच्या जागेवर आज चर्च आहे. झांझिबारात रुपया १९३५ अखेरपर्यंत चालला. स्वातंत्र्यानंतर पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले आयुक्त म्हणून १९४८ साली नैरोबीला गेले ते औंधच्या राजघराण्यातले अप्पासाहेब पंत. २०२३ मध्ये आयआयटी मद्रासने आपले शिक्षणसंकुल झांझिबारात उघडले.

केवळ मौजेसाठी, मित्रांबरोबर, परतीचे तिकीट खिशात ठेवून त्या बेटावर जाणे हा या वाटेचा सगळ्यात तरुण वापर. तो जरूर करावा. मात्र त्याआधी एक रविवार तेरच्या संग्रहालयाला आणि एक उदगीरच्या किल्ल्याला द्यावा, आणि दोन दिवस हाताशी असतील तर जंजिराही पाहून घ्यावा. राजपुरीच्या शिडाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा बेत दिवाळीनंतरचाच ठेवावा.