विंडोज बदलायची का, जी?

१४ ऑक्टोबर ही तारीख नागपुरात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. १९५६ साली त्या दिवशी विजयादशमी होती आणि बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली. दसऱ्याच्या आधीचे दोन महिने आम्हा छपाईवाल्यांचा हंगाम असतो तो त्यामुळेच. वंदनेच्या पुस्तिका, कॅलेंडरं, भाषणांच्या छोट्या आवृत्त्या, सगळं दीक्षाभूमीवरच्या स्टॉलसाठी. २०२५ मध्ये नेमक्या याच तारखेपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं थांबवलं. त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरलाच होऊन गेला होता, म्हणून महाल भागातल्या माझ्यासारख्या डीटीपीवालीला मान वर करून विचार करायला फुरसत तरी मिळाली.

भाचा म्हणाला, “मावशी, इलेव्हन टाकून घे ना. काहून एवढा विचार करून राहिली?”

विचार करते, कारण आमच्या धंद्यात विंडोज बदलण्याचा निर्णय विंडोजकडे पाहून कधी झालाच नाही. तो झाला फाँटकडे पाहून. मराठी डीटीपीचा इतिहास कोणी लिहायला बसलं, तर कोण कोणत्या विंडोजवर किती वर्षं अडून राहिलं आणि कशासाठी, एवढं विचारलं तरी अर्धा इतिहास हाती येईल.

मी या कामात आले तेव्हा महालातल्या छापखान्यांत खिळे जुळवणारी शेवटची पिढी अजून बसलेली होती. बडकस चौकाकडच्या गल्ल्यांत एका खोलीत ट्रेडल मशीनचा खडखडाट आणि शेजारच्या खोलीत पंख्याखाली झाकून ठेवलेला कॉम्प्युटर, असं दृश्य सर्रास होतं. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झाली आणि कानपूरच्या आयआयटीत रुजलेलं जिस्टचं, म्हणजे भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचं, काम तिच्याकडे आलं. कॉम्प्युटरच्या आत बसवायचं जिस्ट कार्ड, नंतर आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, बंगळूरचं आकृती. यांतलं एखादं मराठी सॉफ्टवेअर आणि सोबतीला पानं जुळवायला पेजमेकर घेतलं की दुकान सुरू. पान लेझर प्रिंटरवर बटर पेपरवर काढायचं, त्यावरून प्लेट, प्लेटवरून ऑफसेट. विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये जगात वाजत-गाजत आली. आमच्याकडे तिचा आवाज उशिरा पोचला.

आणि ती विकतही कोणी घेतली नाही, हे सांगून टाकते. सीताबर्डीच्या बाजारातून मशीन असेंबल करून आणायचं, जोडून देणारा पोरगा त्यात विंडोज “टाकून” द्यायचा. बिघडलं की “फॉरमॅट मारायचा”. खरे पैसे जायचे ते मराठी सॉफ्टवेअरला, कारण त्याला लॉक असे. प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टवर बसणारा तो आगपेटीएवढा ठोकळा नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे. दुकान बंद करताना शहाणा मालक शटरच्या किल्लीबरोबर लॉकही खिशात टाकून घरी न्यायचा. मशीन चोरीला गेलं तर दुसरं घेता येत होतं, लॉक गेलं तर धंदा बसला.

आता फाँटचं दुखणं. त्या काळच्या फाँटमध्ये जागा २५६, त्यांतल्याही सगळ्या वापरता येत नसत. देवनागरीची जोडाक्षरं मोजायला बसलात तर एवढ्या जागेत मावत नाहीत. म्हणून अक्षरांचे तुकडे केले : अर्धा च, अर्धा ण, सुटा काना, रफार, वेलांटीचे दोन-तीन आकार. हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवले. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच, फक्त पडद्यावर मराठी दिसायचा. त्यात कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. एका छापखान्याची खिळ्यांची केस दुसऱ्या छापखान्यात नेऊन डोळे झाकून जुळवायला बसावं, तसा प्रकार. श्रीलिपीतली फाइल आयएसएमवाल्याकडे उघडली की पौंडाची खूण, डोक्यावर टोपी घातलेला ई आणि उलटं प्रश्नचिन्ह. सरकारने १९९१ मध्ये इस्की नावाचं प्रमाण ठरवून दिलं होतं, पण ते अक्षरांच्या संकेतांकांपुरतं. फाँटच्या आतल्या मांडणीत त्याने कोणाला बांधलेलं नव्हतं.

नागपुरात याच्यावर आणखी एक थर. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आणि मराठी दोन्ही इथल्या कचेऱ्यांत नांदल्या, बाजारात अजून नांदतात. इतवारीचा व्यापारी बिलबुक हिंदीत मागतो, महालातलं मंडळ स्मरणिका मराठीत. त्यामुळे माझ्या मशीनवर हिंदीसाठी कृतिदेव, टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकाचा, आणि मराठीसाठी दुसरा संच, दुसऱ्या कळफलकाचा. बोटांना दोन्ही पाठ. पुण्या-मुंबईच्या दुकानात हा दुहेरी संसार इतका नसावा, असा माझा अंदाज आहे. फाँट वाढत गेले आणि विंडोज ९८ ला त्यांचं ओझं पेलेना. हजाराच्या आसपास गेले की ती नवीन फाँट घ्यायलाच नकार देई. मग लग्नसराईत लग्नाचे फाँट ठेवायचे, निवडणुकीत ते काढून जाड ठळक ठेवायचे.

एक्सपी २००१ मध्ये आली. आमच्या ओळखीतली दुकानं त्यानंतरही कितीतरी वर्षं ९८ वर होती. बाहेरच्याला हा मागासपणा वाटे. पण ९८ वर लॉक चालत होतं, प्रिंटर ओळखीचा होता, आणि जिथे फाइल न्यायची तो प्लेटवालाही ९८ वरच होता. त्याच्याकडे उघडत नसेल तर माझी नवी विंडोज काय कामाची? शेवटी बदल झाला तो नागपूरच्या उन्हाने केला, असं मी गमतीने म्हणते, पण ते बरंचसं खरं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, दिवसातून कित्येक तास लोडशेडिंग, आणि लाइट असेल तेव्हा वाळ्याच्या कूलरची ओली हवा थेट मशीनवर. मदरबोर्ड जायचे. नवा बोर्ड आणला की त्याचे ड्रायव्हर ९८ साठी नसायचेच. मग लॉकवाल्याला फोन, नव्या आवृत्तीचे पैसे, आणि एक्सपी.

त्या एक्सपीत एक वस्तू पडून होती, जिच्याकडे आम्ही पाहिलंही नाही : युनिकोड. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. विंडोज २००० पासून देवनागरी आणि मंगल फाँट सोबत येत होता. मात्र एक्सपीत देवनागरी आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनलमध्ये भाषांच्या खिडकीत जाऊन एका चौकोनात खूण करायची, मग विंडोज मूळ सीडी मागायची. मूळ सीडी कोणाकडे होती! एवढं करून टाइप केलं तरी पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ ची, तीच शेवटची. आणि मंगलमधला ल, श हिंदी वळणाचा. लग्नपत्रिकेत वराचं नाव ‘शैलेश’ असेल तर मुलाचे वडील प्रूफवर बोट ठेवून म्हणायचे, “ताई, हे आपलं अक्षर नाही जी.” मराठी वळणाच्या ल आणि श बद्दल राज्य सरकारचा निर्णयसुद्धा नोव्हेंबर २००९ मध्ये आला. मराठीतला ॲ तर युनिकोडमध्येच २००८ मध्ये दाखल झाला. तेव्हा आम्ही युनिकोडकडे वळलो नाही याचा दोष सगळा आमच्या पदरात घालू नये. ते आमच्यासाठी तयारच नव्हतं.

मन वळवलं ते फोनने. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन इथे भरतं, १९५३ च्या नागपूर करारातली ती अट आहे. तेव्हा मोर्चांचा महिना असतो. पत्रकं, मागण्यांची निवेदनं, रात्री उशिरा येणारी आणि सकाळी हवी असणारी. आधी कार्यकर्ते हाताने लिहिलेला कागद आणायचे. मग हळूहळू व्हॉट्सॲपवर टाइप केलेला मजकूर यायला लागला, तो युनिकोडमध्ये. म्हणजे ज्या माणसाने टायपिंगच्या इन्स्टिट्यूटचं तोंड पाहिलं नाही, तो योग्य अक्षर पाठवतोय आणि मी, परीक्षा पास झालेली बाई, ते कन्व्हर्टरमध्ये घालून मोडून पुन्हा तुकड्यांच्या फाँटमध्ये आणतेय. हे उलटं चाललंय, हे मला एका मोर्चाच्या पत्रकावर ‘विदर्भ’मधला रफार भलत्याच अक्षरावर गेलेला पाहून कळलं.

रफाराचं गणित समजून घेतलं तर बाकी सगळं समजतं. जुन्या फाँटमध्ये आपण डोळ्याला दिसतं त्या क्रमाने टाइप करतो : ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने : वेलांटी नंतर, रफारातला र आधी. कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी मागे सरकवावी लागते आणि प्रत्येक रफार पुढे. जोडाक्षरावर वेलांटीही असली आणि रफारही, की तो गोंधळतो. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’मधला र तर त्याला बहुतेक वेळा सापडतच नाही. त्यामुळे २००३ मध्ये केलेल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची म्हणजे फाइल बदलून दिली, संपलं, असं होत नाही. अख्खं पुस्तक पहिल्यापासून वाचावं लागतं.

विंडोज ७ वर आम्ही सुखात होतो. त्यात देवनागरी आपोआप चालू असे आणि बत्तीस बिटांची आवृत्ती घेतली तर पेजमेकरही चाले. खरी भिंत चौसष्ट बिटांची निघाली. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनवर मोठी रंगीत पुस्तकं करायची तर मेमरी हवी, आणि बत्तीस बिटांची विंडोज ४ जीबीच्या पुढे पाहत नाही. चौसष्टवर गेलं की अगदी जुने सोळा बिटांचे इन्स्टॉलर मुळीच चालत नाहीत आणि जुन्या लॉकचे ड्रायव्हर ती दारातच अडवते. नव्या बोर्डांवरून तो पंचवीस पिनांचा पोर्टही नाहीसा झाला. माझं एक लॉक अजून ड्रॉवरमध्ये आहे. विकणाऱ्याला विचारलं, तर नवीन आवृत्ती घ्या म्हणाला. त्याचंही बरोबर असेल, पण माझी जुनी पानं त्या ठोकळ्याच्या पलीकडे आहेत.

विंडोज ११ मध्ये बत्तीस बिटांची आवृत्तीच नाही. शिवाय तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. माझं कामाचं मशीन चौथ्या पिढीचं. उत्तम चालतं. भाचा म्हणतो, आडवाटेने ११ घालता येते. येईल. पण ज्या मशीनवर लोकांच्या प्रबंधांचे मूळ मजकूर आहेत, तिथे मी आडवाटेने काही घालणार नाही. फुकटातली लिनक्सही त्याने सुचवली, सी-डॅकचीच बॉस आहे म्हणाला. त्यावर माझं इनडिझाइन चालत नाही, विषय संपला.

ज्याच्याकडे जुन्या फाँटचा संसार नाही त्याने खुशाल ११ घ्यावी, मशीन चालत असेल तर. घरी फक्त नेट पाहणाऱ्याला थांबण्याचं काही कारण मला दिसत नाही. दुरुस्त्या नसलेलं मशीन नेटवर ठेवून त्यावर बँकेचे व्यवहार करणं हा शुद्ध आळस आहे. आमच्यासारख्यांनी मात्र एका झटक्यात बदलू नये. मी एक नवीन मशीन घेतलं, ११ चं, त्यावर युनिकोडचं सगळं काम. चौथ्या पिढीच्या मशीनला मायक्रोसॉफ्टने दिलेली वर्षभराची मुदतवाढ घेतली, ती १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. आणि कोपऱ्यातलं एक्सपीचं मशीन, ज्याची नेटची वायर मी स्वतः काढून ठेवली आहे, ते तसंच राहील. एक्सपीचा पाठिंबा एप्रिल २०१४ मध्येच संपला, पण वायर नसलेल्या मशीनला बाहेरून कोण काय करणार? फाइल पेन ड्राइव्हने येते, तपासून जाते.

मुदतवाढीच्या या वर्षात जुन्या फाइलींचा निकाल लावते आहे. ज्यांची पुस्तकं पुन्हा निघण्यासारखी आहेत त्या लेखक-प्रकाशकांना फोन करून विचारते : युनिकोडमध्ये आणायची का? काही जण लगेच हो म्हणतात. एक प्रकाशक मात्र दुकानात येऊन भांडले. “फाइल तं तुमच्याच जवळ आहे ना जी? उघडायचे पैसे काहून?” मी त्यांना कन्व्हर्टरमधून जसंच्या तसं निघालेलं पहिलं प्रकरण प्रिंट काढून दिलं, लाल पेन दिला आणि खुर्ची ओढून दिली. तिसऱ्या पानावर त्यांनी दर विचारला.