कोल्ड स्टोरेज ‘कारखाना’ कधी झालं?

वर्सोव्यासारख्या बंदरावरची मासळी कोल्ड स्टोरेजमध्ये गेली की तिथे पॅलेट उचलतो फोर्कलिफ्ट. त्याच्या ड्रायव्हरला ट्रेनिंग मागता येतं का? कायद्यात ‘फोर्कलिफ्ट’ शोधत बसू नका, व्याख्या वाचा. 1948 च्या कारखाने अधिनियमात ‘उत्पादन प्रक्रिये’त शीतगृहातली साठवण नव्हती, ती आली 1976 च्या दुरुस्तीने. त्या अधिनियमात वीज आणि दहा कामगार असले की कारखाना ठरायचा!

मग भोपाळ. 1987 च्या दुरुस्तीत कलम 7-ए ने प्रशिक्षण देणं मालकावर टाकलं, 111-ए ने ते मिळवणं कामगाराचा हक्क केला. पण किती तास, परीक्षा कोणती, हे दोन्हींत नव्हतं. अमेरिकेच्या 1998 च्या फोर्कलिफ्ट नियमात मात्र दर तीन वर्षांनी मूल्यमापन आहे. माझ्या मते खरी फट इथेच आहे. यापुढे महाराष्ट्राचे 1963 चे नियम उघडा.