बेळगावात पोलीस बातमीदारी : हद्द, भाषा, पडताळणी

हद्द : बेळगाव शहर आणि लगतच्या भागासाठी २०१४ पासून पोलीस आयुक्तालय आहे. निपाणी, चिकोडीसह उर्वरित जिल्हा जिल्हा पोलीसप्रमुखांकडे. कोगनोळी ओलांडून कागलकडे गेलं की कोल्हापूर पोलिसांची हद्द. त्यामुळे महामार्गावरच्या गुन्ह्याची बातमी करताना दोन्ही बाजूंना फोन करावाच लागतो.

भाषा : एफआयआर कन्नडमध्ये, बातमी मराठीत. घाईत 'चौकशीसाठी बोलावलं'चं 'अटक' झालं, तर त्या माणसाला गावात तोंड दाखवणं मुश्कील. तोंडी माहितीवर भागवू नये. प्रत वाचावी, नाव-आडनाव आणि कलम पोलीस स्थानकातून पुन्हा तपासावं.

कागदपत्रं : सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर टाकायची असते. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू; खुनाचं कलम ३०२ ऐवजी १०३. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं कलम ७२ खाली गुन्हा आहे.

आंदोलनं : १ नोव्हेंबरचा काळा दिन, १७ जानेवारीचा हुतात्मा दिन. गुन्हे नोंदले गेले, तर पोलिसांचं आणि कार्यकर्त्यांचं, दोघांचंही म्हणणं घ्यावं. असे खटले वर्षानुवर्षं चालतात. गुन्हा नोंदल्याची बातमी पहिल्या पानावर आली असेल, तर निर्दोष सुटल्याचीही तिथंच यायला हवी.